‘मुसव्विर’ कोण? : भारतातील फोटोग्राफीचा इतिहास आणि विकास

प्रस्तावना

उर्दूत दोन क्रियापदे आहेत : ‘तस्वीर खींचना’ आणि ‘तस्वीर खिंचवाना’. मराठीत आपण ‘फोटो काढणे’ आणि ‘फोटो काढून घेणे’ असे म्हणतो. दोन्ही भाषांनी हा फरक पहिल्यापासून जपला आहे. एक जण फोटो काढतो, दुसरा तो काढून घेतो. पण इतिहासात तिसराही एक प्रकार आहे, त्याला वेगळे क्रियापद नाही. ज्याचा फोटो त्याला न विचारता काढला गेला, तो हा तिसरा. फोटोग्राफीच्या इतिहासावर लिहिताना बहुतेक लेखक कॅमेरा, काच आणि रसायने यांची हकीकत सांगतात. ती आवश्यकच आहे. परंतु भारतासारख्या पारतंत्र्यातील देशात कॅमेऱ्याच्या मागे कोण उभे होते, पुढे कोण बसले होते आणि फोटोखाली नाव कोणी लिहिले, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात फोटोग्राफीच्या विकासाचे टप्पे थोडक्यात सांगून या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अंधारी खोली

फोटोग्राफीचा जन्म १८३९ मध्ये झाला असे मानले जाते. परंतु तिच्या मुळाशी असलेले तत्त्व फार जुने आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असेल तर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. चीनमधील मोझी परंपरेच्या ग्रंथांत आणि ग्रीकांच्या लेखनात याचे उल्लेख आढळतात. मात्र प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो आणि वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे प्रयोगांच्या आधारे पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय इब्न अल्-हैसम यांना दिले जाते. त्यांचा जन्म बसरा येथे सुमारे ९६५ मध्ये झाला आणि आयुष्याचा उत्तरार्ध कैरोत गेला. ‘किताब अल्-मनाज़िर’ हा त्यांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात लिहिला गेला. सूर्यग्रहणाची कोर छिद्रातून भिंतीवर कशी उमटते, यावर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला. ‘किताब अल्-मनाज़िर’चे लॅटिन भाषांतर झाले आणि १५७२ मध्ये बाझल येथे ते छापले गेले. युरोपातील प्रकाशशास्त्राच्या अभ्यासकांनी ते दीर्घकाळ वापरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे वाटते. ‘कॅमेऱ्याचा शोध मुसलमानांनी लावला’ अशी विधाने आपल्याकडील भाषणांतून अनेकदा केली जातात. ती अचूक नाहीत. इब्न अल्-हैसम यांनी प्रतिमा कशी पडते हे समजावून सांगितले, पण ती टिकवून धरण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. त्यांचे खरे मोठेपण प्रयोगावरच्या निष्ठेत आहे. खोट्या दाव्याने ते वाढत नाही, उलट झाकले जाते.

प्रतिमा टिकवण्याचा प्रश्न

चांदीचे क्षार उजेडात काळे पडतात हे अठराव्या शतकात जर्मनीतील शुल्झे यांनी दाखवले होते. अडचण अशी होती की उमटलेले चित्र उजेडात नेताच तेही काळे पडे. फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास डांबरासारख्या एका द्रव्याचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर आपल्या खिडकीबाहेरचे दृश्य उमटवले. कॅमेऱ्याने टिपलेली आणि आजही शिल्लक असलेली ही सर्वांत जुनी प्रतिमा होय. त्यांचे भागीदार लुई दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर स्पष्ट चित्र मिळवले. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये त्याची कृती जाहीर करण्यात आली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर प्रयोग करीत होते. दागेर यांचे चित्र अतिशय सुबक, पण ते एकच. टॅल्बट यांच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. पुढे शंभर-दीडशे वर्षे फोटोग्राफी टॅल्बट यांच्याच मार्गाने गेली. चित्र कायम करण्यासाठी ‘हायपो’ वापरण्याची युक्ती जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाची होती.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कलोडियनचा लेप देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. चित्र स्पष्ट येई आणि खर्चही कमी. पण काच ओली असतानाच फोटो घेऊन ती लगेच धुवावी लागे. म्हणून फोटोग्राफरला काचा, बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू बरोबर घेऊन फिरावे लागे. आपल्याकडच्या उन्हात लेप झटकन वाळे. त्या काळातील भारतीय फोटो पाहताना हे कष्ट ध्यानात ठेवले पाहिजेत.

भारतात आगमन

दागेर यांची कृती जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांतच, म्हणजे १८४० मध्ये, कलकत्त्यात कॅमेऱ्याच्या विक्रीच्या जाहिराती दिसू लागल्या. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक, हरिश्चंद्र चिंतामण, याच वर्गातून पुढे आले. म्हणजे ही कला येथे केवळ साहेबांपुरती मर्यादित राहिली नाही. पहिल्या पंधरा-वीस वर्षांतच मराठी माणसाने ती आत्मसात केली.

सरकारचा हेतू निराळा होता. कंपनी सरकारला प्राचीन वास्तूंची नोंद हवी होती. चित्रकाराला महिने लागत, तेच काम कॅमेरा काही मिनिटांत करी. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांची विजापूर, बदामी, ऐहोळे या भागातील वास्तूंचे फोटो घेण्यासाठी नेमणूक झाली. त्यातून पुढे १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तुकलेवरील मोठा ग्रंथ निघाला. त्याला मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा मजकूर आहे. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा यांचे दीडशे वर्षांपूर्वीचे रूप आज आपल्याला दिसते ते या कामामुळे. बेळगाव-विजापूर भागातील विद्यार्थ्यांनी हे फोटो अवश्य पाहावेत. ज्या वास्तूजवळून आपण रोज जातो तिचा कोणता भाग तेव्हा पडका होता आणि कोणता नंतर दुरुस्त झाला, हे त्यांतून कळू शकते.

या संदर्भात सर सय्यद अहमद खान यांच्या ‘आसार-उस्-सनादीद’ची आठवण होते. दिल्लीच्या वास्तूंवरील हा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. त्यातील चित्रे हाताने रेखाटून शिळाछापावर छापली होती. दहा वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि त्यानंतर दिल्लीचा मोठा भाग पाडला गेला. जे हाताने रेखाटले गेले, तेवढे तरी कागदावर राहिले.

लखनौचे दोन चेहरे

१८५७ पूर्वीच्या लखनौत अहमद अली खान, ज्यांना छोटे मियाँ म्हणत, नवाबी दरबारात फोटोग्राफी करीत होते. त्यांनी शहरातील इंग्रज कुटुंबांचेही फोटो घेतले. उठावात त्यांपैकी अनेक जण मारले गेले. त्यामुळे हा संग्रह पुढे इंग्रजांना मोलाचा वाटला आणि लंडनमध्ये जपला गेला.

१८५८ मध्ये फेलिचे बिआतो हे युद्धाचे फोटो घेणारे फोटोग्राफर लखनौला आले. सिकंदर बागेचा त्यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. पडक्या इमारतीसमोर मानवी सांगाडे विखुरलेले दिसतात. पण लढाई होऊन काही महिने लोटले होते. पुरलेले अवशेष या फोटोसाठी बाहेर काढून मांडले गेले, असे अभ्यासक मानतात. फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. कॅमेरा खोटे बोलत नसेलही, पण त्याच्यासमोर काय ठेवायचे हे माणूस ठरवतो, हा धडा भारतीय फोटोग्राफीच्या पहिल्या वीस वर्षांतच मिळाला होता.

पुढे १८७४ मध्ये दारोगा अब्बास अली यांनी ‘लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. त्यात शहरातील पन्नास फोटो आणि नकाशा आहे. १८५७ च्या रणभूमी पाहायला येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची सोय हा त्याचा एक उद्देश होता. पण आज तोच अल्बम उलट्या बाजूने वाचता येतो. नवाबी लखनौ किती देखणे होते, याचा तो एका लखनौकराने दिलेला पुरावा आहे.

लंडनमधील एक पुस्तक

१८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भारतातील जाती-जमातींचे ४६८ फोटो आहेत. १८५७ नंतर आपण कोणावर राज्य करीत आहोत हे ओळखण्याची सरकारला निकड वाटत होती. बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. शेजारच्या मजकुरात ती जात विश्वासू की बंडखोर, उद्योगी की आळशी, असे शेरे आहेत.

१८६९ मध्ये सर सय्यद आपले पुत्र सय्यद हमीद आणि सय्यद महमूद यांच्यासह लंडनला गेले. इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे पुस्तक पाहिले आणि त्याविषयी स्वदेशी पत्र पाठवले. त्यातील चित्रांत आपल्या लोकांना रानटी, अर्धनग्न रूपात पाहून ते व्यथित झाले. एका तरुण इंग्रजाने काही पाने चाळून सय्यद महमूद यांना विचारले, आपणही हिंदुस्तानी का? महमूद यांनी होकार दिला, पण संकोचाने लगेच पुढे सांगितले की आपण तेथील मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज बाहेरून आलेले.

हा प्रसंग उर्दूच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. तो सहसा आधुनिक शिक्षणाची गरज पटवण्यासाठी सांगितला जातो. सर सय्यद यांनीही त्यातून तोच निष्कर्ष काढला. परंतु आज तो वाचताना महमूद यांचे उत्तर अधिक विचार करायला लावते. त्यांनी पुस्तकावर शंका घेतली नाही. या माणसांना असे उभे कोणी केले, हे विचारले नाही. त्यांनी स्वतःला त्या चित्रांपासून दूर केले. ते तेव्हा विशीच्या आतले, परक्या देशातले विद्यार्थी होते, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याने काढलेली प्रतिमा माणसाला आपल्याच लोकांपासून कशी तोडते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

इंदूर ते हैदराबाद

या पार्श्वभूमीवर लाला दीनदयाळ यांचे कार्य पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. फोटोग्राफी ते इंदुरातच, १८७४ च्या सुमारास शिकले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. डेली यांच्यानंतर आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ मध्ये ते बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेर, सांची, ओरछा, दतिया येथील त्यांच्या फोटोंचा समावेश असलेला ग्रंथ १८८६ मध्ये निघाला.

त्यानंतर नोकरी सोडून त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला आणि १८९६ मध्ये मुंबईतही. सहावे निजाम मीर महबूब अली खान त्यांचे आश्रयदाते झाले. दरबार, राजवाडे, शिकार, लष्करी कवायती, पाहुणे या साऱ्यांचे फोटो त्यांनी घेतले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडूनही त्यांना राजमान्यता मिळाली.

पण त्यांच्या कामाला दुसरीही बाजू आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागातील उपासमारीने खंगलेल्या माणसांचे फोटो त्यांच्या स्टुडिओने घेतले. झुंबरांच्या प्रकाशातील मेजवान्या आणि बरगड्या मोजता येतील अशी माणसे, दोन्ही एकाच संस्थानातील, एकाच स्टुडिओच्या काचांवर उमटली आहेत. मेजवानीच्या फोटोतील पाहुण्यांची नावे आपल्याला सांगता येतात. दुष्काळातील माणसांची नाहीत. देशी फोटोग्राफर आला म्हणून हा भेद आपोआप मिटला नाही, हे मान्य केले पाहिजे.

जनाना स्टुडिओ

दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला. पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणे शक्य नव्हते. म्हणून उंच भिंतींच्या आत ही जागा केली होती आणि तेथे मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज महिला काम पाहत असे.

यात व्यवसायाची हुशारी होतीच. परंतु समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. सरकारी ग्रंथात स्त्री ही एखाद्या जमातीचा नमुना म्हणून येत होती. येथे ती स्वतः पाहुणी होती. कोणता पोशाख घालायचा, कसे बसायचे, कोणाला बरोबर घ्यायचे, यात तिची इच्छा चालत होती. फोटो घरात राहणार होता. पडदा आणि कॅमेरा यांचा मेळ बसू शकत नाही, हा समज या स्टुडिओने शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरवला. मर्यादा सांभाळून नवी कला स्वीकारता येते, त्यासाठी फक्त कोणी तरी तशी व्यवस्था करावी लागते.

तसवीर की अक्स?

१८९४ मध्ये निजामांनी दीनदयाळ यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्र किंवा आकार घडवणारा. हा शब्द साधा नाही. ‘अल्-मुसव्विर’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे आणि सूरह हश्रच्या अखेरीस ते आले आहे. सजीवांची चित्रे काढण्याविषयी इस्लामी परंपरेत जो संकोच आहे, त्याचे एक कारण हेच. घडवणे हे त्याचे काम, माणसाने त्याची बरोबरी करू नये.

फोटोग्राफी आली तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. फोटो ही ‘तसवीर’ की ‘अक्स’, म्हणजे आरशातल्यासारखे प्रतिबिंब? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे होय, ती नवी निर्मिती नव्हे, असे प्रतिपादन करून त्याला अनुमती दिली. भारतातील अनेक उलमांना हे पटले नाही. त्यांच्या मते आरशातील प्रतिबिंब माणूस दूर होताच जाते, फोटो मात्र राहतो. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद गंभीर होते. या वादात निवाडा देणे हे या लेखाचे काम नाही. भाषेचा अभ्यासक म्हणून एवढेच नोंदवावेसे वाटते की उर्दूने फोटोग्राफीसाठी ‘अक्कासी’ हा शब्द रूढ केला, आणि तो ‘अक्स’पासून आला आहे. मराठीतही ‘छायाचित्र’ म्हणजे सावलीचेच चित्र. दोन्ही भाषांनी माणसाच्या हाताकडे थोडा कमीपणा आणि प्रकाशाकडे मोठेपणा दिला.

पुढे पासपोर्ट, परीक्षेचे अर्ज आणि १९९३ पासून मतदार ओळखपत्रे यांसाठी फोटो सक्तीचा होत गेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजी किंवा पणजीचा एकमेव फोटो असतो, आणि तो हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला असतो.

पुढील विकास

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचांची पद्धत सुचवली आणि तंबू बरोबर नेण्याची कटकट संपली. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला आणि सामान्य माणूस फोटो काढू लागला. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी रंगीत काचा बाजारात आणल्या. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले आणि काही काळ गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. १९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच कोडॅक कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. काढणारा आणि काढून घेणारा हा भेद सेल्फीने मिटवला असे वाटते. पण न विचारता फोटो काढणारा तिसरा प्रकार मिटलेला नाही, उलट तो सोपा झाला आहे.

समारोप

दीनदयाळ यांचे निधन १९०५ मध्ये झाले. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या, म्हणून त्या वाचल्या. प्रत्येक गावातील स्टुडिओच्या नशिबी असे केंद्र येत नाही. जुने स्टुडिओ बंद होतात आणि काचा भंगारात जातात.

इंदूर, हैदराबाद, बेळगाव, बडोदा या भागातील आपल्या घरांत, मदरशांत आणि शाळांत अजून जुने समूह-फोटो भिंतींवर आहेत. त्यांतील पहिल्या रांगेतील अध्यक्षांचे नाव आपल्याला ठाऊक असते, मागच्या रांगेतील शिपायाचे नसते. नावे सांगू शकणारी वृद्ध माणसे आहेत तोपर्यंत ती विचारून घ्यावीत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि साल लिहावे. फोटोला लॅमिनेशन करू नये, ओलीपासून दूर ठेवावा. महाविद्यालयातील इतिहास आणि भाषा विभागांनी विद्यार्थ्यांकडून हे काम प्रकल्प म्हणून करून घेतले तर मोठे साधन हाती येईल.

सरकारी ग्रंथाने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांचे चेहरे घेतले आणि नावे सोडून दिली. आपल्या घरातल्या फोटोंच्या बाबतीत आपणही तेच करीत असू, तर तक्रार कोणाकडे करणार?